रबराची बाग आणि रानाचा दाखला

शाळेच्या दप्तरातील सर्वांत मानाचा कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. आपल्या हैदराबादेत त्याला 'टी.सी.' म्हणण्याची रीत आहे. त्यावर विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, वर्तणूक असे रकाने असतात आणि त्यांतच 'यापूर्वीची शाळा' असाही एक लहानसा रकाना असतो. मुलगा कितीही हुशार असो, त्याची वर्तणूक कितीही उत्तम असो, तो रकाना कोरा राहिला की नव्या शाळेचे मुख्याध्यापक दाखला हातात घेऊन क्षणभर थबकतात. हा मुलगा आला कोठून, हा प्रश्न त्यांना पडतो, आणि तो रास्तच असतो.

प्रस्तुत लेखाचा विषय असाच एक दाखला आहे; मात्र तो मुलांचा नसून झाडांचा आहे. वनांचे आणि लागवडींचे व्यवस्थापन निसर्गाला, मजुराला आणि गावाला धक्का न लावता होत आहे, अशी त्रयस्थ संस्थेने तपासणी करून दिलेली ग्वाही म्हणजे 'शाश्वत वन प्रमाणीकरण'. हा दाखला आता रबराच्या बागांनाही दिला जातो. तो कोणास मिळावा, त्याचा खर्च कोणी सोसावा आणि त्यात शासनाचे काम कोणते, याचा विचार येथे करावयाचा आहे. बरकतपुरा चमनकडून काचीगुड्याकडे धावणाऱ्या बसगाड्यांच्या चाकांत रबर आहे, पण ते झाड आपल्या तेलंगणाच्या कोरड्या पठारावरचे नव्हे. त्याची कहाणी पाहावयास मराठी मुलुखाच्या दक्षिण टोकाला, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात जावे लागते. कहाणीचा शेवट मात्र पुन्हा हैदराबादेतच येऊन पोहोचतो, हे पुढे दिसेलच.

परदेशी पाहुणा

रबराचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. १८७६ साली हेन्री विकहॅम या इंग्रजाने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेल्या. तेथे रुजलेली रोपे पुढे सिलोन व मलाया येथे पोहोचली आणि आशियातील रबर-लागवडीचा पाया घातला गेला. भारतातील पहिली व्यापारी लागवड १९०२ साली केरळात थट्टेकाड येथे झाली. स्वातंत्र्याच्या वर्षीच, म्हणजे १९४७ मध्ये, रबर कायदा झाला. त्यानुसार स्थापन झालेल्या व कोट्टायम येथे मुख्यालय असलेल्या रबर बोर्डाकडे या पिकाचे पालकत्व आहे.

हे झाड लावल्यावर सहा-सात वर्षांनी चीक देऊ लागते. सालीवर तिरपी खाच पाडतात आणि त्यातून पाझरणारा पांढरा चीक वाटीत धरतात. मग तो आम्ल घालून गोठवतात, लाटून त्याच्या शीट करतात आणि त्या धुरी देऊन वाळवतात. पंचवीस-तीस वर्षे चीक दिल्यावर झाड थकते. मग ते तोडून त्याच्या लाकडाचे फर्निचर करतात व त्या जागी नवे झाड लावतात. म्हणजे रबराची बाग एकाच वेळी शेतही असते आणि लाकडाचे कोठारही. तिला वनाचा दाखला द्यावा की शेताचा, हा घोळ येथूनच सुरू होतो.

भारतात २०२३-२४ मध्ये सुमारे ८.५७ लाख टन नैसर्गिक रबर पिकले आणि सुमारे १४.१६ लाख टन वापरले गेले. त्यातील मोठा वाटा टायरच्या कारखान्यांनी घेतला. उत्पादन आणि गरज यांतील ही दरी भरून काढण्यासाठी लागवड वाढवावी, असे धोरण असणे स्वाभाविक आहे. म्हणूनच २०२१ साली टायर उत्पादकांच्या सहभागाने ईशान्य भारत व पश्चिम बंगालमध्ये दोन लाख हेक्टर नवी लागवड करण्याची योजना हाती घेण्यात आली. परंतु दोन लाख हेक्टर जमीन रिकामी कोठे असते? तिच्यावर आधी काहीतरी असतेच: कोठे पडीक माळ, कोठे फिरती शेती, तर कोठे रान.

दोडामार्गची बाग

केरळात जमिनी महागल्या आणि लागवडीस नवी जागा उरली नाही, तेव्हा तेथील बागायतदार उत्तरेकडे वळले. गेल्या दोन-अडीच दशकांत दोडामार्ग व सावंतवाडी तालुक्यांत त्यांनी जमिनी घेतल्या आणि रबर लावले. या भागात पाऊस मुबलक, डोंगरउतार पाण्याचा निचरा करणारे आणि जमिनीचे भाव तुलनेने कमी. गावकऱ्यांच्या दृष्टीने पाहिले तर मालकीचे रान वर्षानुवर्षे फारसे उत्पन्न देत नव्हते, आणि मुले मुंबईला नाही तर गोव्याला कामाला गेलेली. जमीन विकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्या जागी उभे राहून विचार करणे तितके सोपे नाही.

परंतु ज्या उतारांवर ऐन, किंजळ आणि जांभ्याची गर्दी होती, तेथे आता एकाच जातीची, एकाच वयाची, सरळ ओळींत उभी असलेली झाडे आली. तिलारीच्या खोऱ्यातील हा पट्टा सामान्य नाही. उत्तरेकडील राधानगरी व सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे रान आणि दक्षिणेकडील गोव्यातील म्हादई व कर्नाटकातील भीमगड ही अभयारण्ये यांना जोडणारी वन्य प्राण्यांची वाट येथून जाते. २०२० साली महाराष्ट्र शासनाने तिलारी येथील सुमारे २९.५ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित केले ते याच कारणाने. वृक्षतोडीचा प्रश्न त्यापूर्वीच जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला होता. २०१३ मध्ये न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीस मनाई केली. पुढे मार्च २०२४ मध्ये हा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याची कार्यवाही ठरावीक मुदतीत पूर्ण करण्याचा आदेश दिला.

हा प्रश्न केवळ एका तालुक्याचा नाही. २०२३ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रह-चित्रांच्या आधारे असे दाखविण्यात आले, की १९९३ पासून आग्नेय आशियात रबरासाठी ४० लाख हेक्टरांहून अधिक वन नाहीसे झाले. दोडामार्गचा उतार हा त्या मोठ्या चित्राचा मराठी कोपरा आहे, इतकेच.

रबर म्हणजे वन की अवन?

आता दाखल्याकडे वळण्यापूर्वी एक गमतीचा, पण गंभीर प्रश्न सोडवावयास हवा. रबराच्या बागेला वन म्हणावे काय?

जागतिक अन्न व कृषी संघटना म्हणते, होय. तिच्या व्याख्येत रबराच्या बागा वनांत मोडतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालातही एक हेक्टरहून मोठ्या ज्या जमिनीवर झाडांच्या छत्राची घनता किमान दहा टक्के आहे, ती सर्व जमीन 'वनाच्छादन' म्हणून मोजली जाते, मग मालकी कोणाचीही असो आणि झाड कोणतेही असो. उपग्रहाच्या डोळ्याला वरून हिरवे छत्र दिसते. खाली ऐन आहे की रबर, हे त्याला सहजासहजी उमगत नाही. उलट, आपला १९८० चा वन संवर्धन कायदा म्हणतो, नाही. चहा, कॉफी, मसाल्याची पिके, रबर, ताड-माड इत्यादींच्या लागवडीसाठी वनजमीन मोकळी करणे हे त्या कायद्याने स्पष्ट शब्दांत 'वनेतर प्रयोजन' ठरविले आहे.

म्हणजे रान तोडून रबर लावणारा कायद्याच्या पुस्तकात वन घटवितो, पण वनाच्छादनाच्या कोष्टकात त्याने घटविलेले वन काही वर्षांत पुन्हा भरून आलेले दिसू शकते. एका हाताने काढून दुसऱ्या हाताने मांडलेला हा हिशेब आहे. शाश्वततेचा दाखला जर या कोष्टकाच्या भरवशावर दिला, तर तो यापूर्वीची शाळा न विचारता दिलेल्या टी.सी.सारखा होईल.

दाखला कसा मिळतो?

वन प्रमाणीकरणाची कल्पना १९९२ च्या रिओ परिषदेनंतर आकारास आली. १९९३ मध्ये 'फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल' आणि १९९९ मध्ये 'पी.ई.एफ.सी.' अशा दोन आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभ्या राहिल्या. पहिलीची दहा तत्त्वे आहेत. देशाच्या कायद्याचे पालन, मजुरांचे हक्क, आदिवासी व स्थानिक समाजाचे हक्क, निसर्गाचे रक्षण, व्यवस्थापनाचा लेखी आराखडा, नियमित देखरेख ही त्यांपैकी काही. स्वतंत्र तपासनीस बागेत येतात, कागद पाहतात, मजुरांशी बोलतात. दाखला पाच वर्षांचा असतो आणि दरवर्षी फेरतपासणी होते. बागेपासून कारखान्यापर्यंत माल कोठेही दुसऱ्या मालात मिसळला गेला नाही, याचीही नोंद ठेवावी लागते. रबराच्या बाबतीत हे विशेष कठीण आहे, कारण दहा बागांचा चीक एकाच पिंपात जातो.

भारतानेही आपली व्यवस्था उभारली आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये 'भारतीय वन व काष्ठ प्रमाणीकरण योजना' सुरू केली. ती ऐच्छिक आहे, तिचे संचालन भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेकडे आहे आणि तीत वनाबाहेरील वृक्षांसाठी वेगळा विभाग आहे. शेतकऱ्याच्या बांधावरील झाडालाही दाखला मिळू शकतो, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट.

लहान शेतकऱ्यांना एकत्र आणून असा दाखला मिळविता येतो, याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. भद्राचलमजवळील सारपाका येथील आय.टी.सी.च्या कागद कारखान्याने परिसरातील शेतकऱ्यांच्या निलगिरी-सुबाभळीच्या लागवडींना फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळवून दिले. तेथे खर्च आणि कागदपत्रे यांचा भार उचलणारा मोठा खरेदीदार पाठीशी होता. रबराच्या शेतकऱ्यापाशी तसा कोणी आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

तारखेचा रकाना

आता 'यापूर्वीची शाळा' या रकान्याकडे येऊ. येथे सारा खेळ तारखेचा आहे.

समजा, दोडामार्गात तीन बागा आहेत. पहिली १९९० मध्ये लावलेली, दुसरी २००८ मध्ये रान तोडून लावलेली आणि तिसरी २०२२ मध्ये रान तोडून लावलेली. फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलचा जुना नियम असा होता, की नोव्हेंबर १९९४ नंतर नैसर्गिक वन तोडून केलेल्या लागवडीस सामान्यतः दाखला नाही. २०२३ पासून लागू झालेल्या नव्या धोरणाने अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२० केली. मधल्या काळात वन तोडले असेल, तर झालेल्या हानीची भरपाई केल्यावर दार उघडते. अत्यल्प भूधारकांसाठी ही अट सौम्य आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जो वनतोडविरोधी नियम केला, त्यात रबरासह सात वस्तू आहेत. त्याचीही अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२० हीच. शिवाय माल ज्या जमिनीवर पिकला तिचे भौगोलिक स्थान सांगावे लागते. नियमाची अंमलबजावणी एकाहून अधिक वेळा पुढे ढकलली गेली, तरी त्याची दिशा बदललेली नाही.

आपल्या तीन बागांपैकी पहिली निर्धोक आहे. तिसरी दोन्ही दारांशी अडेल, आणि अडावीच. दुसरी मात्र युरोपच्या दारातून आत जाईल आणि प्रमाणीकरणाच्या दारात तिला भरपाई विचारली जाईल. परंतु यातील कोणती बाग पहिली, कोणती दुसरी आणि कोणती तिसरी, हे सांगणार कोण? सातबारावर पिकाची नोंद असते, पण पिकापूर्वी तेथे कोणते रान होते याची नोंद तेथे सापडेलच असे नाही. बागायतदार म्हणेल पडीक जमीन होती. शेजारी म्हणेल घनदाट रान होते. पुरावा नसेल तर प्रामाणिक शेतकरी आणि रान तोडणारा दोघेही एकाच ओळीत उभे राहतात. असे झाले की तोटा नेहमी प्रामाणिकाचा होतो.

धोरणाचे काम

येथे शासनाची गरज लागते, आणि ती प्रामुख्याने चार बाबतींत.

पहिली बाब नकाशाची. हैदराबादच्या बालानगरमधील राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र आपणांस अपरिचित नाही. १९७४ मध्ये 'राष्ट्रीय दूरसंवेदन संस्था' म्हणून सुरू झालेल्या या संस्थेकडे देशाच्या भूमीची उपग्रह-चित्रे दशकानुदशके जमा होत आली आहेत. १९८८ मध्ये भारताचा स्वतःचा दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेला, तेव्हापासून आपल्या डोळ्यांनी पाहिलेला इतिहास तेथे साठत आहे. दोडामार्गच्या उतारावर १९९४ मध्ये काय होते आणि २०२० मध्ये काय होते, याचा साक्षीदार आपल्याच शहरात बसलेला आहे. ती चित्रे, सातबाराचे उतारे आणि रबर बोर्डाची नोंदणी ही तिन्ही एकत्र आणून प्रत्येक बागेचा दिनांकित नकाशा शासनाने तयार करावा व शेतकऱ्यास विनामूल्य द्यावा. रबर बोर्डाने 'इंडियन सस्टेनेबल नॅचरल रबर' या नावाने जे काम हाती घेतले आहे, त्यात बागांच्या स्थाननिश्चितीवर भर आहे. त्याला 'त्यापूर्वी येथे काय होते' हा रकाना जोडला पाहिजे.

दुसरी बाब खर्चाची. आपल्या देशातील बहुतेक रबर लहान शेतकऱ्यांकडून येते आणि त्यांचे सरासरी धारण क्षेत्र सुमारे अर्धा हेक्टर आहे. अशा शेतकऱ्याने परदेशी तपासनिसाचे मानधन भरावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. रबराचा भाव त्याला कधी हसवितो, कधी रडवितो: २०११ मध्ये किलोला २०० रुपयांवर गेलेला भाव २०१६ च्या आरंभी १०० रुपयांखाली आला होता. यावर उपाय समूह-प्रमाणीकरणाचा. गावोगावच्या रबर उत्पादक संघांनी एकत्र दाखला घ्यावा व त्याचा भार बोर्डाच्या योजनेतून उचलला जावा. केंद्राने रबर क्षेत्राच्या विकास योजनेची तरतूद २०२४-२५ व २०२५-२६ या दोन वर्षांसाठी ५७६.४१ कोटींवरून ७०८.६९ कोटी रुपये केली. अशा तरतुदींतील काही हिस्सा प्रमाणीकरणासाठी राखून ठेवणे अशक्य नाही.

तिसरी बाब अटीची. लागवडीस दिले जाणारे अनुदान हे सर्वांत प्रभावी शस्त्र आहे. ठरलेल्या तारखेनंतर रान तोडलेल्या जमिनीस अनुदान नाही, ओढ्या-व्हाळांच्या काठी स्थानिक झाडांचा पट्टा राखावा लागेल, वन्य प्राण्यांच्या वाटेत नवी लागवड होणार नाही, इतके तीन नियम अनुदानाच्या अर्जातच छापले, तर तपासनीस येण्याआधीच अर्धे काम होईल.

चौथी बाब खरेदीची. दाखला घेतलेल्या रबराला दोन पैसे अधिक मिळाले नाहीत, तर दुसऱ्या वर्षी कोणी दाखल्याच्या वाटेस जाणार नाही. भारतातील टायरची वार्षिक निर्यात वीस हजार कोटी रुपयांहून अधिक आहे, तेव्हा कारखान्यांना असा माल लागणारच. परंतु राज्य परिवहन महामंडळे हीदेखील टायरची मोठी ग्राहक आहेत. त्यांच्या निविदांत प्रमाणित रबराला थोडे झुकते माप मिळाले, तर देशातच त्याला बाजारपेठ तयार होईल आणि परदेशी ग्राहकाच्या मर्जीवर विसंबून राहावे लागणार नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की ज्या युरोपने आपली राने केव्हाच तोडली, त्याने आपल्या शेतकऱ्यास नियम शिकवू नयेत. या आक्षेपात तथ्य आहे; नियम करताना लहान शेतकऱ्याचा विचार उशिरा झाला, हेही खरे. तथापि दोडामार्गचा व्हाळ आटला तर त्याचे पाणी युरोपचे नव्हे, आपलेच जाणार आहे. शिक्षक परका असला म्हणून पाढा चुकीचा ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तपासनिसाचे मानधन ज्याची तपासणी व्हावयाची त्याच्याकडूनच येते, मग दाखल्यावर विश्वास कसा ठेवावा? हे वैगुण्य सर्वच प्रमाणीकरणात आहे. त्यावर कागदाची भर घालणे हा उपाय नव्हे. माहिती खुली करणे हा आहे. बागांचे नकाशे आणि तपासणीचे निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले, तर गावातील प्रत्येक वृद्ध माणूस तपासनीस होईल. येथे पूर्वी काय होते, हे त्याला उपग्रहाहून अधिक चांगले आठवत असते.

समारोप

रबराचा दाखला हा रानाचा पर्याय नव्हे, हे शेवटी स्पष्टपणे सांगितले पाहिजे. बाग ही बागच. ती चांगली राखली तर तीत मजुराला न्याय मिळेल, माती धुपणार नाही, काही पक्षी येतील. पण ऐन-किंजळीच्या रानात जे होते ते सारे परत येणार नाही. म्हणून तिलारीसारख्या ठिकाणी उरलेले रान कायद्याने राखावे आणि जेथे बाग झालीच आहे तेथे ती दाखल्याने सुधारावी. पहिले काम न करता केवळ दुसरे करणे म्हणजे हरवलेल्या विद्यार्थ्याच्या जागी त्याचा दाखला जपून ठेवण्यासारखे आहे.

दोडामार्गातील बागांपैकी पहिल्या-पहिल्या लागवडी येत्या काही वर्षांत थकतील आणि तोडीस येतील. त्या वेळी त्या जमिनीवर पुन्हा रबर लागेल, की व्हाळाच्या काठचा एखादा पट्टा रानाला परत मिळेल, हे आज कोणत्या नोंदी ठेवल्या जातात यावर अवलंबून राहील. ज्या शिक्षकांच्या स्मृतीस ही पुस्तिका वाहिली आहे, त्या पिढीने हजेरीपट कधी कोरा ठेवला नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी आज उपग्रह-चित्रे वाचतात, कोणी निविदा लिहितात, कोणी गावाकडची सामाईक जमीन विकावी की ठेवावी या विचारात आहेत. त्या प्रत्येकाच्या हाती दाखल्यातला एकेक रकाना आहे. तो भरताना आधी तेथे काय होते, एवढे खरे लिहावे.